गीझर, गार पाणी आणि सासूबाईंचा न्यूमोनिया

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी वाचक ४६ वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. कराडजवळच्या गावातले सासू-सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आषाढात तिच्याकडे राहायला आले. सासूबाई ७२ वर्षांच्या, त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह. श्रावणात घरातला गीझर दोन दिवस बंद होता, तरी त्यांनी सोमवारची पहाटेची अंघोळ गार पाण्यानेच उरकली. दोन दिवसांनी त्यांचं जेवण तुटलं, त्या दिवसभर पडून राहू लागल्या आणि सुनेला त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. ताप नव्हता, खोकलाही नावापुरताच. वयोमानाने होतंय असं समजून तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्या बाथरूमच्या दारात पडल्या आणि दवाखान्यात नेल्यावर दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया निघाला. अकरा दिवस दवाखाना, त्यातले चार आयसीयूत. घरी येऊन आता पाच आठवडे होत आले, पण त्या अंथरूण सोडायला तयार नाहीत.

नणंद म्हणते, आई गावी असती तर हे झालंच नसतं. दीर म्हणतात, या वयात आणखी किती खर्च करायचा? सासरे ७८ वर्षांचे, पूर्वी बिडी ओढणारे. लसीचं नाव काढलं की ‘ती लहान पोरांची’ म्हणून उठून जातात. सासूबाईंनी मात्र दिवाळीला गावी जायचा ध्यास घेतलाय. वाचक विचारते: त्यांना पाठवू का? की नोकरी सोडून घरी बसू? आणि ही चूक माझी होती का?

प्रिय ताई,

तुम्ही शेवटी लिहिलेला प्रश्न मी आधी घेते. तो मनातून गेल्याशिवाय बाकीच्या दोन प्रश्नांवर तुम्हाला नीट विचार करता येणार नाही.

गार पाण्याच्या अंघोळीने न्यूमोनिया होत नाही. न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये जंतुसंसर्ग होऊन पू आणि पाणी भरणं. मोठ्या माणसांना जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियात सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो न्यूमोकॉकस. १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर यांनी आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी हा जंतू एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधला. स्टर्नबर्ग यांना तो सापडला तो त्यांच्या स्वतःच्या थुंकीत. हा जंतू असाच असतो. धडधाकट माणसांच्या, त्यातही लहान मुलांच्या, नाका-घशात तो मुक्काम करतो आणि बहुतेकांना काहीही करत नाही. खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. घशातून खाली उतरून तो फुफ्फुसात मूळ धरतो ते शरीराचा पहारा ढिला पडल्यावर. वाढतं वय, मधुमेह, धुराने किंवा तंबाखूने खराब झालेल्या श्वासनलिका, नुकताच होऊन गेलेला फ्लू, ही पहारा ढिला पडण्याची कारणं. यातलं वय आणि मधुमेह सासूबाईंकडे तुमचा गीझर बिघडण्याच्या कितीतरी आधीपासून होते.

नणंदेचं म्हणणं मी समजू शकते. आई लांब असताना आजारी पडली की राग काढायला कुणीतरी लागतं, आणि जी जवळ असते तिच्यावर तो निघतो. पण हा आजार गाव-शहर बघत नाही. गावात तो झाला असता, तर एक्स-रे आणि ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मात्र जास्त लागला असता.

आता त्या तीन दिवसांबद्दल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. उपचार लवकर सुरू झाले असते तर कदाचित आयसीयू टळलं असतं. पण ही चूक तुमच्या एकटीची नाही. न्यूमोनिया म्हणजे सणसणून ताप, हुडहुडी, खोकला, गंजासारखा कफ आणि छातीत कळ, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे आणि ते तरुण माणसाचं चित्र आहे. सत्तरीपुढच्या माणसाचं शरीर तसा आरडाओरडा करत नाही. तिथे न्यूमोनिया पुष्कळदा जेवण तुटल्याने कळतो, बोलण्यातल्या घोळाने कळतो, विनाकारण तोल जाऊन पडण्याने कळतो. कधी एकाएकी कपड्यात लघवी होते. मधुमेही माणसाची साखर, खाणं कमी होऊनही, अचानक वर जाते. ताप मात्र कधीकधी शेवटपर्यंत येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी फिजिशियन म्हणून बत्तीस वर्षं काम केलं. माझी आई ७९ वर्षांची असताना एका सकाळी तिने तुळशीला पाणी घातलं आणि तासाभराने पुन्हा तांब्या घेऊन निघाली. मी म्हटलं, ‘अगं आई, आत्ताच घातलंस की.’ ती म्हणाली, ‘आज अजून अंघोळ कुठे झालीय माझी?’ मला वाटलं, विसरभोळेपणा सुरू झाला. मी ओपीडीला निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा ती मिनिटाला ३४ श्वास घेत होती. त्यानंतर ती बरी झाली आणि आणखी चार वर्षं आमच्यात राहिली. पण त्या दुपारी मी दुसऱ्यांच्या आया तपासत बसले होते, हे मी अजून विसरलेले नाही. म्हणून तुम्हाला दोष देणं मला जमणार नाही. तुम्हाला जे कुणी सांगितलंच नव्हतं ते तुम्ही ओळखलं नाहीत, एवढंच झालं.

तेव्हा आता सांगून ठेवते, आणि घरात वडीलधारी माणसं असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज घोळ घालायला लागलं, तर ते म्हातारपण नसतं. म्हातारपण महिन्या-वर्षांनी येतं, एका रात्रीत येत नाही. अशा वेळी त्यांच्याशी गप्पा मारत, त्यांच्या लक्षात येऊ न देता, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. पोट किंवा छाती एकदा वर होऊन खाली आली की एक श्वास. शांत बसलेल्या माणसाचे साधारण १२ ते २० भरतात. पंचविसाच्या आसपास दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. तीस किंवा जास्त असतील तर थेट दवाखाना, गाडी नसेल तर १०८ ला फोन. कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात असेलच. त्यात नवे सेल घाला. ९४ च्या खाली आकडा आला तर डॉक्टरांना कळवा, ९० च्या खाली आला तर वाट बघू नका. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर यंत्र फसवतं, म्हणून बोट चोळून ऊब आणून दोनदा बघा. ज्यांना जुना दम्याचा किंवा फुफ्फुसाचा आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, तो बरं असताना बघून लिहून ठेवलेला बरा.

दिरांच्या प्रश्नाकडे वळते. ‘या वयात किती खर्च करायचा’ हे वाक्य कठोर वाटतं, पण त्यामागे बहुधा भीती असते, पैशाची आणि त्याहून जास्त हतबलतेची. ही भावना वैद्यकातही होती. विल्यम ऑस्लर हे डॉक्टर मंडळींत फार आदराने घेतलं जाणारं नाव. त्यांनी १८९८ साली न्यूमोनियाला वृद्धांचा मित्र म्हटलं होतं, कारण तो थोड्या दिवसांत, फारशा यातना न देता घेऊन जातो असा तेव्हाचा समज होता. तेव्हा पेनिसिलिन वापरात यायला चार दशकं बाकी होती आणि डॉक्टरांच्या हातात दिलासा देण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. ऑस्लर स्वतः १९१९ साली, सत्तराव्या वर्षी, न्यूमोनिया आणि त्यातून छातीत झालेल्या पुवाने गेले. आज त्या ‘मित्रा’वर औषध आहे. तुमच्या सासूबाई दोन्ही बाजूंच्या न्यूमोनियातून उठून घरी आल्या, हाच त्याचा पुरावा. न्यूमोनिया म्हटलं की आपल्याला बाळं आठवतात, पण २०२१ साली जगात फुफ्फुसाच्या अशा संसर्गाने जे सुमारे २२ लाख लोक गेले, त्यातली पाच वर्षांखालची मुलं सुमारे पाच लाख होती. बाकीचे मोठे होते, आणि त्यात म्हाताऱ्या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

पैशाचं म्हणाल तर, सत्तरीपुढच्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं आहे. आयुष्मान वय वंदना कार्ड त्याचंच. सासू-सासरे दोघंही त्यात बसतात. आधार कार्ड घेऊन ते काढून घ्या आणि तुमच्या आणि गावच्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते चालतं, हे आजारपण यायच्या आधी विचारून ठेवा. मध्यरात्री काउंटरवर उभं राहून हे विचारायची वेळ येऊ नये.

दिरांच्या प्रश्नात एक खरा प्रश्नही दडलाय, तो टाळू नका. पुन्हा कधी तशी वेळ आली, तर व्हेंटिलेटरपर्यंत जायचं का, कुठे थांबायचं? हे मुलांनी आपसात ठरवायचं नाही, सासूबाईंना विचारायचं. आता त्यांचं डोकं शांत आहे, आताच विचारा. आपली इच्छा आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पण उपचाराने बरा होणारा न्यूमोनिया आणि आयुष्याचा शेवट या दोन गोष्टी दिरांच्या वाक्यात एक झाल्या आहेत, त्या सोडवून त्यांच्यासमोर मांडा.

आता पाच आठवड्यांच्या अंथरुणाबद्दल. तुम्ही लिहिता, ‘आईंनी हाय खाल्ली आहे.’ तसं असेलही, पण त्याआधी दुसरं काही बघू. एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. हे निरोगी माणसांचं. सासूबाई तर अकरा दिवस तापल्या फुफ्फुसांनी, सलाईनवर पडून होत्या. त्या उठत नाहीत याचं कारण त्यांचे पाय त्यांना पेलत नाहीत हे असू शकतं, आणि पुन्हा पडू ही भीती त्याच्या जोडीला. न्यूमोनियातून सावरायला तरुणालाही वेळ लागतो. कफ आणि छातीतलं दुखणं साधारण महिन्यात उतरतं, खोकला आणि धाप दीड महिन्यात, थकवा मात्र तीन महिने रेंगाळतो आणि पूर्ण पहिल्यासारखं वाटायला सहा महिनेही जातात. त्यांना सावरायला उशीर झालेला नाही, तुम्हीच घाई करताय.

पण म्हणून पडून राहू द्यायचं नाही. जेवण अंथरुणात नको, खुर्चीत. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा खुर्चीतून उठून उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं, तुम्ही समोर हात धरून. मग गॅलरीपर्यंत, मग जिन्याच्या कठड्यापर्यंत. पत्रात तुम्ही लिहिलंय की त्यांना रोज मऊ भात आणि मुगाचं पाणी देता. त्यांच्या पायांना त्याने ताकद येणार नाही. घट्ट वरण, अंडं चालत असेल तर अंडं, नसेल तर पनीर, दही, भिजवून शिजवलेली उसळ बारीक करून, मासे खाणाऱ्या घरात मऊ मासा. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

इथे एक गोष्ट बहुतेक दवाखाने डिस्चार्जच्या वेळी सांगत नाहीत, ती सांगते: तोंडाची स्वच्छता. म्हाताऱ्या माणसांचा न्यूमोनिया पुष्कळदा तोंडातून खाली उतरतो. झोपेत लाळ, जेवताना घास, चुकीच्या नळीत थोडं थोडं जातं आणि दातांवरचे जंतू त्याबरोबर जातात. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या पाचशेहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. त्यात रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया व्हायचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. सासूबाईंना कवळी असेल तर रात्री ती काढून, घासून, पाण्यात ठेवायची. नसेल तर दिवसातून दोनदा दात घासायचे, मऊ ब्रशने. मिश्रीची सवय असेल तर दात स्वच्छ करायला ती लावते असं त्या म्हणतील, पण ती तंबाखूच आहे. ती सोडवायची तर टोमण्याने नको, ब्रश आणि पेस्ट त्यांच्या हाताशी ठेवून. जेवताना ताठ बसायचं, जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पाणी पिताना रोज ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा, गिळण्याची वेगळी तपासणी असते.

सासऱ्यांच्या लसीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण वय आणि बिडीचा इतिहास बघता त्यांचा धोका सासूबाईंपेक्षा कमी नाही. ‘ती लहान पोरांची’ हे त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपल्याकडे सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर बाळांना मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा. मोठ्यांसाठी ती सरकारी कार्यक्रमात नाही, स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते, म्हणून ती त्यांच्या कानावर मुलांची लस म्हणूनच आली. अमेरिकेत २००० साली बाळांना ही लस सुरू झाल्यावर लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांमधलेही या जंतूचे गंभीर आजार कमी झाले. नातवंडांच्या घशातला जंतूच कमी झाला, तर आजोबांपर्यंत येणार कुठून? घरात बाळ असेल तर त्याचे डोस पूर्ण झालेत का हेही बघा.

ही लस काय करते आणि काय नाही, तेही त्यांना खरं सांगा. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांपुढच्या सुमारे ८४ हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. लसीत ज्या प्रकारांचे जंतू होते, त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला आणि रक्तापर्यंत पसरणारा आजार ७५ टक्क्यांनी. म्हणजे ही लस सगळा न्यूमोनिया अडवत नाही, पण जीव घेणारा भाग बराच कमी करते. लसीचे प्रकार दोन-तीन आहेत आणि कोणती घेतली यावर दुसरा डोस लागणार का ते ठरतं, ते तुमचे डॉक्टर सांगतील. सासूबाईंना ‘आता होऊन गेलाय, लस कशाला’ असं वाटू शकतं. या जंतूचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत, त्यामुळे एकदा होऊन गेल्याने पुढचं संरक्षण मिळत नाही. त्या पूर्ण सावरल्या की त्यांनीही घ्यावी. आणि फ्लूची लस दोघांनी दर वर्षी, पावसाळा लागायच्या आधी. फ्लू श्वासनलिकेचं अस्तर खरवडून ठेवतो आणि मागून हा जिवाणू शिरतो. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशा मागून आलेल्या न्यूमोनियाचे होते.

सासऱ्यांना हे मुलाने सांगू नये, सुनेनेही नाही. त्यांच्या वयाचा, त्यांच्या गावचा कुणी लस घेतलेला माणूस असेल तर त्याच्याकडून सांगवा, किंवा सासूबाईंच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्याशी एकट्याशी बोलू द्या. बायकोच्या आयसीयूच्या दाराबाहेर ते चार दिवस बसले होते. ते उठून जातात ते लसीला नाही, त्या आठवणीला भिऊन, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं.

नोकरी सोडू नका. तुम्ही विचारलंत, ‘मी घरी बसू का?’ मला पत्रात शोधूनही सापडलं नाही की हा प्रश्न तुमच्या नवऱ्याने किंवा दिरांनी स्वतःला विचारला आहे. सासूबाईंना दिवसभर कुणी जवळ लागेल ते दोन-तीन महिने, कायमचं नाही. त्यासाठी एक पगार कायमचा घालवायचं कारण नाही. दोन्ही भाऊ, नणंद आणि तुम्ही मिळून दिवस वाटून घ्या, सकाळी चार तासांची मदतनीस ठेवा आणि तिचा खर्च तिघा भावंडांत विभागा. नणंदेला तक्रारीऐवजी पंधरा दिवस द्या. आईजवळ राहिल्यावर तिचा रागही उतरेल.

आणि गाव. मी सासूबाईंच्या बाजूने आहे. स्वतःच्या ओट्यावर बसलेली बाई चार माणसांशी बोलते, परसापर्यंत जाते, फ्लॅटमधल्या पलंगापेक्षा जास्त हलते. पण आधी काही गोष्टी ठरवून घ्या. पहिले पंधरा दिवस रात्री जवळ झोपणारं कुणीतरी हवं, सासऱ्यांवर सोडून चालणार नाही. साखरेची औषधं आणि मोजायचं यंत्र सोबत. अंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवत असतील तर तो अंगणात, आणि त्याच्या धुरात सासूबाईंनी शेकत बसायचं नाही. ऑक्सिजनची सोय असलेला जवळचा दवाखाना कोणता, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे दिरांनी एकदा गाडीने जाऊन बघावं. गावात खोकला झाला की दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या आणायची पद्धत असते, ती या घरापुरती बंद. त्यातल्या काही अँटिबायोटिक क्षयरोगालाही थोडं दाबतात आणि मग निदान महिनोन् महिने लांबतं. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकीची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

जायचा दिवस मात्र एक्स-रे बघून ठरवा. न्यूमोनियानंतर साधारण सहा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढायचा असतो. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं नसेल तरी काढा, म्हणजे याच आठवड्यात. सत्तरीत, दोन्ही बाजूंना झालेला पॅच, म्हणजे एक्स-रेत दिसणारा संसर्गाचा डाग, पूर्ण जायला बारा आठवडेही लागतात, त्यामुळे थोडं काही उरलं असेल तर घाबरू नका, पण तो कमी होताना दिसला पाहिजे. तसाच असेल किंवा वाढला असेल तर क्षयरोग किंवा गाठ नाही ना, हे बघेपर्यंत दिवाळी पुण्यात करा. दवाखान्यात काढलेली पहिली फिल्म कपाटातून शोधून सोबत न्या. दोन्ही शेजारी-शेजारी लावल्याशिवाय डॉक्टरांनाही फरक सांगता येत नाही.